झोळीची दोरी

आमच्या मचव्यावर दोन दोऱ्या होत्या. एक माझ्या हातातून निघायची ती ह्यांच्या डाव्या दंडाला बांधलेली असायची. दुसरी आमच्या लेकीच्या, रंभाच्या झोळीपासून ह्यांच्या पायाच्या अंगठ्यापर्यंत. पहिली दोरी पनवेलच्या बंदरापासून पार आपट्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती आणि सगळे तिच्यावरून हसत. दुसरी अजून कुणाच्या डोळ्यांत भरली नव्हती. रंभा तेव्हा नुकती बसायला लागली होती.

मचवा दयाराम शेठचा. पूर्वी त्याला शीड होतं आणि माझे सासरे त्याचे तांडेल होते. ते गेल्यावर शेठनी शीड उतरवलं, मागच्या बाजूला इंजिन बसवलं आणि सुकाणू ह्यांच्या हाती दिलं. पनवेलहून तांदूळ नाहीतर कौलं भरायची, खाडीनं न्हाव्याकडं उतरायचं, उरण-करंजाला वळसा घालून धरमतरच्या खाडीत शिरायचं आणि मग भरती धरून कधी नागोठण्याला, कधी पाताळगंगेनं वर आपट्याला जायचं. येताना गवत, लाकूड, जे मिळेल ते. भरतीनं चढायचं, ओहोटीनं उतरायचं. बिऱ्हाड मचव्यावरच. झापांचं छप्पर, त्याच्याखाली पत्र्याच्या डब्यात लिंपलेली चूल, गोड्या पाण्याचा माठ, आणि आडव्या वाशाला टांगलेली झोळी. खारं पाणी कुठं संपतं आणि नदीचं गोडं कुठं सुरू होतं ते मी तांदूळ धुता धुता चाखून सांगत असे. हे म्हणायचे, "भामे, तुजी जीब म्हंजे नकाशा हाय."

ह्यांचं नाव जगन. न्हाव्याचे. मी पनवेलची, सातवीपर्यंत शिकलेली. लग्न ठरलं तेव्हा माझ्या बापाला लोक म्हणाले, पोरीला चिखलात देतोयस. पण चिखल काही वाईट नसतो. त्याचा अंदाज लागला पाहिजे, एवढंच.

तो अंदाज घ्यायचं काम माझं. मी पुढच्या टोकाला बसायची, हातात बांबू. पाणी किती, चिखल कुठं वर आलाय, समोरून कोण येतंय ते बघायचं आणि दोरी ओढायची. एकदा ओढली तर डावीकडं, दोनदा तर उजवीकडं, तीनदा म्हणजे इंजिन बंद. इंजिन असं धडधडायचं की तोंडानं सांगून काही उपयोग नसे. हे मागं सुकाणू धरून उभे, नजर माझ्याकडं, आणि दंडाला दोरी.

बंदरावर लागलो की चेष्टा ठरलेली. काशिराम नावाचा एक पडाववाला होता, शिडाच्या पडावातनं गवत वाहायचा. तो लांबूनच ओरडायचा, "आला रं आला, बायकोच्या दाव्याचा बैल आला!" मग हे मान खाली घालून हंबरायचे, अगदी बैलासारखे, आणि सगळं बंदर हसायचं. मीही पदर तोंडाला लावून हसायची. त्या हसण्याचा आम्हाला मोठा आधार होता.

कारण इंजिन बंद असलं तरी ह्यांना ऐकू येत नव्हतं.

मला ते कळलं लग्नानंतर पहिल्या हिवाळ्यात. आपट्याच्या अलीकडं मचवा बांधलेला, इंजिन गार, आणि हे नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून अंग चोळत होते. पलीकडच्या काठावर कुणी तरी झाड तोडत होतं. ते कडाडून पाण्यात पडलं. बगळ्यांचा थवा उठला, मी किंचाळले. हे आपले अंग चोळतच राहिले. लाट अंगाला लागली तेव्हा वळून बघितलं.

वर आल्यावर मी समोर बसले आणि विचारलं, "तुम्हाला ऐकू येत नाही का हो?"

माझ्या ओठांकडं बघत होते. मग म्हणाले, "येत व्हतं. इंजिनाच्या डोक्याशी बसून बसून गेलं. आता आत नुसता वारा वाजतो. भरतीचा."

"वैद्याला दाखवलं?"

"दाखवून काय करू? शेठला कललं तं मचवा जाईल. बहिरा तांडेल कोन ठेवंल?" मग आणखी म्हणाले, "आयेला पन नको सांगू. आयेच्या पोटात काय ऱ्हात नाय. आज तिला कललं का उद्या न्हावा आनि परवा पनवेल."

मी शपथ घेतली. त्या दिवसापासून मी त्यांचे कान झाले. बंदरावर मी त्यांच्या शेजारी उभी राहायची. कुणी काही विचारलं की मी तेच पुन्हा मोठ्यानं, ह्यांच्याकडं तोंड करून म्हणायची, जणू मलाच नीट कळलं नव्हतं. हेही हुशार. कुणी बोलायच्या आधी आपणच बोलायचे. भरतीचं, तांदळाचं, कुणाच्या म्हशीचं, एवढं बोलायचे की समोरच्याला तोंड उघडायला जागा मिळू नये. अगदीच अडलं तर हसून मान हलवायची. लोक म्हणायचे, जगन्या लई बोलका.

हे सगळं बाहेर चालायचं. घरी नाही.

आये, म्हणजे माझ्या सासूबाई गंगाबाई, न्हाव्याला एकट्या राहायच्या. घर बसकं, अंधारं. आये चुलीपुढं बसून चुलीकडं तोंड करून बोलायच्या. भाकरी थापता थापता, मासळी उलथता उलथता, जाळ सारता सारता. त्यांचं सगळं बोलणं ह्यांच्याकडं पाठ करून. दिसणार काय? हे भिंतीला टेकून बसायचे, ताटात बघायचे, जेवायचे आणि उठायचे. आयेनं विचारलेलं हवेत राहायचं. मी घाईघाईनं उत्तर द्यायची, तर आये म्हणायच्या, "तुला नाय इचारलं. माज्या पोराला इचारलं."

सासऱ्यांच्या कानांची त्या सगळ्या काठावर ख्याती होती. तिवरांत पाणी कसं चुळबुळतंय ते ऐकून भरती किती चढली ते सांगायचे. आये मोठ्या अभिमानानं म्हणायच्या, "तांडेलाचं घर आमचं. आमच्या घरचे कान पान्याच्या तळाला लागलेले." त्या घरात ही गोष्ट कशी बोलायची? आणि आये हळूहळू एकच समजून बसल्या. ह्या पनवेलवालीनं आपला मुलगा आपल्यापासून तोडला.

"लगीन झाल्यापास्न माज्याशी बोलत नाय," शेजारच्या सखूबाईला सांगत. मी अंगणात भांडी घासत असायची. "भाकर गिलतो आनि चालला. हाक मारली तरी वलून बगत नाय. ही बया त्याला दावं बांदून फिरवते, लोक हसतात. मी काय आंदली हाय?"

मी राखेनं तवा घासत राहायची. एक शब्द सांगितला असता तर त्या बाईचा सल निघाला असता. तोच शब्द माझ्या तोंडाला बांधलेला होता.

रंभा झाली माझ्या माहेरी, पनवेलला. सव्वा महिना मी मचव्यावर गेले नाही. तेवढे दिवस मचवा बंदरात बांधून ठेवला. इंजिनाचा काही तरी भाग गेलाय, असं ह्यांनी शेठना सांगितलं. शेठ दोनदा येऊन बघून गेले. जाताना म्हणाले, "जगन, पुन्हा असं झालं तर दुसरा माणूस बघावा लागेल हो." सव्वा महिना सरला त्या दिवशी मी पोर पदराखाली घेऊन चिखलातल्या फळीवरून मचव्यावर चढले. माझी आई काठावर उभी राहून रडत होती. तिलाही मी कारण सांगितलं नव्हतं.

रंभाचं बाळपण इंजिनाच्या धडधडीत गेलं. इंजिन बंद पडलं की ती जागी व्हायची, सुरू झालं की झोपायची. मी पुढच्या टोकाला, हे मागं, झोळी मधे. पोर रडली तर मला कधी ऐकू यायचं, कधी नाही, आणि ह्यांना तर नाहीच. एकदा ती झोळीतून अर्धी बाहेर लोंबत होती. हे तिच्यापासून चार हातांवर, छपरावरून माझ्याकडं बघत उभे. मी मागं वळून बघितलं म्हणून वाचली. त्याच संध्याकाळी ह्यांनी जाळ्याची जुनी दोरी घेतली, एक टोक झोळीला बांधलं, दुसरं आपल्या पायाच्या अंगठ्याला. दंडाला माझी दोरी होती, दुसऱ्या हातात सुकाणू, मोकळा राहिला पायच. पोर हलली की अंगठा ओढला जायचा. झोपेतली चुळबुळ निराळी, जागी झाल्याची निराळी, रडण्याची निराळी, असं सगळं ह्यांना अंगठ्यावरून समजायला लागलं. मला म्हणायचे, "आता भूक लागली तिला, घे." मी जाऊन बघते तर खरंच.

एकदा रंभा माझ्या मांडीवर पालथी पडून रडत होती. ह्यांनी तिच्या पाठीवर पंजा ठेवला. रडण्याचा हादरा हातात घेत बसले. मग मला विचारलं, "आवाज कुनासारका हाय गो तिचा?"

मी म्हणाले, "आयेसारखा."

तोंडभर हसले. "मंग मला म्हाईत हाय. आयेचा आवाज माज्या कानात हाय अजून. भात कांडताना गायाची ना, त्यो. त्यो काय गेला नाय."

पौषात रंभाला खोकला झाला. न्हाव्याला लागलो तेव्हा आयेनं तिला उचलून छातीशी धरलं आणि पोरीचा श्वास घरघरताना ऐकला. त्या दिवशी आये चुलीकडं तोंड करून नाही बोलल्या. अंगणात सखूबाई होती, आणखी दोघी-तिघी होत्या, त्या सगळ्यांसमोर बोलल्या. पण ह्यांच्या पाठीमागून.

"जग्या, ही पोर आता माज्याकडं ऱ्हाईल. पेजेवर वाडवीन मी. धुक्यात, धुरात, पान्यावर पोर जगाची नाय. तुज्या बायकोला मचवा सुटत नसंल तं तिनं खुशाल फिरावं. पोर घरी. आयकलास का? पुडल्या फेरीला मला आपट्याला यायचं हाय, लेकीच्या पोराचं बारसं हाय. तितनं येताना पोरीला घेऊन मी हितं उतरनार. हो क नाय?"

हे सुंभ वळत बसले होते. सगळ्या बाया आपल्याकडं बघतायत हे त्यांच्या ध्यानात आलं. वर बघितलं, हसले आणि नेहमीसारखी मान हलवली.

"बोल्ला हो!" सखूबाई म्हणाली.

आयेच्या डोळ्यांत पाणी आलं. कित्येक दिवसांनी मुलानं त्यांना हो म्हटलं होतं.

मी तिथंच उभी होते. चारचौघींत मी काय म्हणणार होते? नवऱ्यानं दिलेला शब्द मोडायचा तर कारण सांगायला हवं, आणि कारण सांगायचं तर मचवा जाणार. मचव्यावर आल्यावर मी ह्यांना समोर बसवून सगळं सांगितलं. ते माझ्या ओठांकडं बघत राहिले, मग झोळीकडं. दोन्ही हातांनी कपाळ धरलं.

"मला वाटलं जेवाचं इचारते."

"आता?"

"शब्द दिला ना. आयेला. सगल्यांसमोर."

"मग खरं सांगा तिला."

मान हलवली. ह्या वेळची मान नाही म्हणणारी होती. "मचवा नाय तं मी कोन गो? मिठागरात टोपल्या उचलीन, ठीक हाय. पन आयेला वाटंल, बापाचे एवढे कान, आनि ते माज्याच पोटच्या पोरात बुडाले."

रंभाला घेतलं आणि पाजत बसले. ती दूध पिताना एक हात वर करून माझी हनुवटी चाचपायची. मनात एकच येत होतं. न्हाव्याच्या अंधाऱ्या घरात ती हात वर करील, आणि हनुवटी निराळी लागेल.

पुढल्या फेरीला आये आल्या. हिरवं लुगडं, बोचक्यात बारशाचं अंगडं-टोपडं, घुगऱ्यांचे हरभरे. मचव्यावर पाय ठेवण्याआधी वाकून फळीला हात लावून कपाळाला लावला. नवऱ्यानं चालवलेला मचवा होता तो. शिडाची डोलकाठी होती त्या जागी आता नुसतं भोक उरलं होतं. तिथं जरा थांबल्या, मग छपराखाली जाऊन झोळीपाशी बसल्या.

सकाळी पाताळगंगेत शिरलो तेव्हा धुकं इतकं दाट की मला माझा बांबूही अर्धाच दिसत होता. भरती लागलेली. थांबलो असतो तर ती हातची गेली असती. इंजिन हळू ठेवलं आणि निघालो. मी पुढं जाणार एवढ्यात आयेनं माझं लुगडं धरलं.

"ही कसली दोरी?"

त्यांचं बोट ह्यांच्या पायाकडं होतं.

"पोर हलली की कळावं म्हणून," मी म्हणाले.

"कलाया काय झालं? पोर रडली तं बापाला आयकू नाय येत?"

"इंजिन असतं ना, आये."

आयेचा चेहरा बदलला. आवाज खाली आला. "अगो, मढ्याच्या अंगठ्याला बांदतात दोरी. दोनी अंगठे बांदतात आनि मंग तिरडीवर घेतात. तुज्या सासऱ्याचे मी ह्या हातांनी बांदलेत. जित्याच्या पायाला, माज्या लेकाच्या पायाला तू..."

इतके दिवस रोज सकाळी ती गाठ मीच मारत होते आणि एकदाही मनात आलं नव्हतं. पण समोर वळण होतं आणि बांबू माझ्या हातात. मी एवढंच म्हणाले, "आये, आत्ता नको. मागाहून बोलू." आणि पुढं गेले.

माझी पाठ वळल्यावर आयेनं झोळीकडची गाठ सोडली. दोरी तिथंच फळीवर टाकली. ह्यांच्या अंगठ्याला तिचं दुसरं टोक तसंच राहिलं, म्हणून त्यांना काही जाणवलं नाही. आईच ती. अशुभ होतं ते तिनं सोडवलं.

वळणाच्या आधी चिखल डावीकडून वर आलेला असतो. मी दोनदा ओढली, मचवा उजवीकडं झाला. बांबू टेकवला, पाणी पुरेसं होतं. मग कुठून तरी डबा वाजवल्याचा आवाज आला. ओहोटी चुकलेले शिडाचे पडाव धुक्यात असे बांबूनं रेटत, डबा बडवत उतरतात. आवाज समोरून आहे की बाजूनं ते काही केल्या समजेना. मी श्वास धरून ऐकू लागले, आणि त्याच वेळी पाठीमागून रंभाचं रडणं ऐकू आलं.

आधी वाटलं, थांबेल. आत्ता ह्यांचा अंगठा ओढला जाईल, हे पायानं झोळीला हेलकावा देतील, नेहमीसारखा. रडणं थांबलं नाही. वाढलं. इंजिनाच्या वर ऐकू येण्याइतकं वाढलं. माझ्या चोळीला दुधाच्या धारा लागल्या. मला वळता येत नव्हतं. डबा जवळ येत होता, धुक्यात काही तरी काळं, उंच दिसू लागलं होतं, गवतानं भरलेला पडाव घराएवढा असतो. मी वळले असते आणि तेवढ्यात मचवा आडवा गेला असता तर पोर आणि आम्ही सगळेच. मी डोळे समोर ठेवले आणि दोरी ओढली. एक. दोन. तीन.

इंजिन थांबलं.

धुक्यात एकदम शांतता झाली. नुसतं पाणी फळीला लागत होतं, आणि रंभा रडत होती. ऊर फुटेल असं. पडाव आमच्या बाजूनं, हात लावता येईल इतक्या जवळून सरकत आला. वर गवतावर काशिराम बसला होता, हातात डबा. त्यानं ह्यांना बघितलं आणि सवयीनं ओरडला, "काय रं बैला, धुक्यात पन दावं?"

ह्यांना त्याचं तोंड दिसलं. तेवढं पुरेसं होतं. हसले, मान खाली घातली आणि लांबलचक हंबरले.

मी मागं वळले होते. मला तिघंही एकदम दिसले. हे पडावाकडं तोंड करून हंबरत होते. त्यांच्या पाठीमागं चार हातांवर झोळीत उभी राहू बघणारी, लालबुंद झालेली रंभा हात पसरून किंचाळत होती. तिच्यापाशी आये, पोरीला घ्यायला पुढं केलेले हात तसेच हवेत राहिलेले. आये पोरीकडं बघत नव्हत्या. मुलाच्या पाठीकडं बघत होत्या.

पडाव धुक्यात गेला. हे अजून हसत होते. पडाव गेला तिकडंच बघत मला हातानं खूण केली, इंजिन चालू करू का?

आयेनं रंभाला उचललं, खांद्यावर घेतलं. मग अगदी हळू, दाराआडून हाक मारावी तशी मारली, "जग्या."

इंजिन बंद होतं. नदी गप्प होती. हे वळले नाहीत.

"जग्या, बाला."

नाही वळले.

आये खाली बसल्या. पोर छातीशी, आणि मोकळा हात फळीवर टेकलेला. मी त्यांच्यापाशी आले तेव्हा त्यांनी वर न बघताच विचारलं, "कदीपास्न?"

"इंजिन बसवल्यापासून हळूहळू. आता अजिबात नाही."

"मंग तो माज्यावर रुसला नवता?"

"नाही, आये."

"मी पाटीमागनं काय काय बोलले त्याला. मेल्या, बायकोच्या ताटाखालच्या मांजरा... माज्या तेराव्याला तरी बोलशील का, आसं पन बोलले."

"ऐकलं नाही त्यांनी. त्यातलं काही नाही."

"बरं झालं," आये म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं.

मग मी सांगितलं. रंभाच्या पाठीवर हात ठेवून ह्यांनी आवाजाचं विचारलं होतं ते, आणि आयेचा आवाज कानात अजून आहे म्हणाले ते. भात कांडतानाचा. मी बोलत असताना आये रंभाला थोपटत होत्या. थोपटता थोपटता हात थांबला.

तेवढ्यात ह्यांनी वळून बघितलं. फळीवर पडलेली दोरी दिसली, आयेच्या खांद्यावर पोर दिसली, आमची तोंडं दिसली. त्यांना काही सांगावं लागलं नाही. सुकाणूला टेकले आणि म्हणाले, फार मोठ्यानं, कारण आपला आवाज त्यांना कळत नव्हता, "आये, कुनाला सांगू नको. बाबाचा मचवा हाय."

आये उठल्या. रंभाला माझ्याकडं दिलं. ह्यांच्या मागनं नाही गेल्या, इंजिनाला वळसा घालून समोर जाऊन उभ्या राहिल्या. मग खाली बसून अंगठ्याची गाठ सोडली. दातांनी सोडली, पाण्यानं घट्ट झाली होती. दोरी हातात घेऊन उभ्या राहिल्या, मुलाच्या सदऱ्याखाली हात घातला आणि कमरेचा करगोटा बाहेर काढला. लहानपणी पहिला त्यांनीच बांधला असणार. त्या काळ्या दोऱ्यात ती दोरी ओवली आणि गाठ मारली. ओढून बघितली. दुसरं टोक झोळीला बांधलं. ह्यांना दिसेल असं तोंड वर करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "पायाला नाय. हितं."

हे त्यांच्या तोंडाकडं बघत होते, लहान मूल बघतं तसं.

"हितं," हे म्हणाले.

आपट्याला लागलो तेव्हा धुकं निघालं होतं. बंदरावर नणंदेचे सासरे बळीराम आमची वाट बघत उभे होते. त्यांनी दोनदा हाक मारली. हे त्यांच्याकडं पाठ करून दोर बांधत होते. माझं पाऊल पुढं पडायच्या आत आयेचा आवाज साऱ्या बंदरावर गेला.

"कशाला घसा फोडता, याही! बायकोचा बैल हाय तो. सख्ख्या आयेला ओ देत नाय, तुमाला देनार? हिला सांगा, ही सांगंल त्याला!"

बंदर हसलं. बळीरामही हसले. मी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. तेच शब्द होते, न्हाव्याच्या अंगणात राखेनं तवा घासताना ऐकलेले. तेव्हा ते मला टोचायचे. आता मी त्यांच्या आडोशाला उभी राहिले. आयेनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बोचकं काखेत मारून फळीवरून उतरल्या.

बारसं झालं. नणंदेच्या मुलाचं नाव बुधाजी ठेवलं, माझ्या सासऱ्यांचं. पाळण्यातल्या मुलाच्या कानात नाव सांगायला आत्या वाकली, तेव्हा आये तिथं थांबल्या नाहीत. बाहेर ओटीवर येऊन बसल्या.

परतताना ऊन होतं. आये सगळी वाट रंभाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. काही गुणगुणत होत्या, पण इंजिनापुढं मला शब्द कळेनात. मी पुढं बसून पाणी बघत होते आणि न्हावा जवळ येत होता. शब्द तर दिलेला होता. अंगणातल्या बाया वाट बघत असणार. मी विचारलं नाही. विचारायचं धाडस नव्हतं.

न्हाव्याच्या धक्क्याला खरंच सखूबाई उभी होती. "आनली का गो नातीला?" तिनं विचारलं.

आयेनं रंभाच्या मुठीतनं आपली चोळी सोडवली, तिचा मुका घेतला आणि तिला झोळीत ठेवलं. दोरी एकदा चाचपून बघितली.

"नाय आनली," म्हणाल्या. "खोकला बरा हाय तिचा. आनि पेज पचत नाय तिला, आयेचंच दूद लागतं. तांडेलाची पोर हाय, पान्यावरच वाडंल."

"आनि जग्या हो बोल्ला व्हता ना?"

"बोल्ला व्हता. माज्या पोराचा शब्द हाय, मी सोडला. तुजं काय गेलं?"

ओहोटी लागली होती, धक्क्याच्या पायऱ्यांखाली चिखल उघडा पडला होता. आये उतरल्या आणि पायऱ्या चढून घराकडं जायच्या ऐवजी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून चिखलात शिरल्या. सखूबाई वरून ओरडली, "अगो खुल्ये, कुटं चालली?" आये थांबल्या नाहीत. मचव्याच्या कडेनं चिखल तुडवत त्या मागच्या टोकाकडं गेल्या, हे सुकाणूशी उभे होते त्याच्या बरोबर समोर, ऊन तोंडावर येईल अशा उभ्या राहिल्या.

"जेवलास का?" त्यांनी विचारलं.

हे वाकून बघत होते. ओठ बघत होते.

"जेवलो, आये," म्हणाले.

"काय जेवलास?"

"भात. आनि बोंबलाचं कालवन."

"आनखी?"

आणखी काही नव्हतं. तरी हे सांगत राहिले, मिठाचं, लिंबाच्या फोडीचं, भामानं भात जरा करपवला त्याचं. आये चिखलात उभ्या राहून ऐकत होत्या. पाणी खाली खाली चाललं होतं, आता निघालो नसतो तर अडकलो असतो. मी पुढून दोरी ओढली नाही. झोळीत रंभा हलली, तशी ह्यांच्या सदऱ्याखाली दोरी ताणली गेली आणि बोलता बोलताच ह्यांनी मागं हात करून त्याच दोरीनं झोळीला हेलकावा दिला.